आयर्लंडहून नवऱ्याच्या गावी: जर्मन नवरा, भारतीय पासपोर्ट आणि मुक्त संचाराचा हक्क

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची कराडची, पासपोर्ट भारतीय. नवरा जर्मन. लग्न पुण्यात झालं, विशेष विवाह कायद्याखाली. त्याची नोकरी आयर्लंडात कॉर्कला होती, त्यामुळे लग्नानंतर जर्मनीत आम्ही कधी राहिलोच नाही. गेली चार वर्षं संसार कॉर्कलाच आहे. तो युरोपीय नागरिक म्हणून राहतो, मी त्याची बायको म्हणून मिळालेल्या कार्डावर, म्हणजे स्टँप ४ ईयूफॅमवर. मी एका प्रयोगशाळेत नोकरी करते.

मार्चमध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं सगळं करणं एकट्या सासूबाईंना झेपत नाही. म्हणून पूर्व जर्मनीत त्यांच्या गावाजवळच्या शहरात कायमचं राहायला जायचं आम्ही ठरवलंय. नवऱ्याने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळालं की बायकोने आधी जर्मनची ए-वन (अगदी पहिल्या पातळीची) परीक्षा पास करायची, मग वकिलातीत कुटुंब-व्हिसाचा अर्ज करायचा आणि तो हातात पडल्यावरच यायचं.

मला हे पटत नाही. आमच्या शेजारी पोलिश नवरा आणि फिलिपिनो बायको आहेत. ते उद्या जर्मनीत राहायला गेले तर तिला कुणी परीक्षा विचारणार नाही, कारण तो 'दुसऱ्या देशातला युरोपीय नागरिक' ठरतो. मग जर्मन माणूस स्वतःच्या आईवडिलांकडे परतताना त्याच्या बायकोला त्याहून कमी हक्क का? आम्ही इतकी वर्षं मुक्त संचाराच्या, म्हणजे युरोपीय नागरिकाने कुटुंबासह दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहण्याच्या, नियमांनीच जगलोय. घरी परतलं की तो हक्क संपतो का?

आणखी एक अडचण आहे. नवऱ्याला आत्ताच जावं लागतंय. माझं नोकरीचं कंत्राट ऑक्टोबरपर्यंत आहे आणि ते मोडून जायचं नाही. मधल्या काही महिन्यांच्या अंतराने आमच्या हक्काला धक्का लागेल का? कुणी असं परतलं असेल तर कृपया लिहा.

सदाशिवपेठी

ताई, सासऱ्यांना लवकर बरं वाटो.
ए-वनचा एवढा धसका घेऊ नका. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात माझ्या पुतणीने दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, शंभरात साठ मिळाले की पास. कॉलेजात जर्मन न शिकलेल्या मुलीही पास होतात. कायद्याचा कीस पाडत बसण्यापेक्षा परीक्षा देऊन मोकळं व्हा.

कृष्णाकाठ

धन्यवाद काका. भाषेची भीती नाही हो, सासूबाईंशी मी रोज जर्मनमध्येच बोलते. अडचण वेगळी आहे. परीक्षेची तारीख, मग वकिलातीची तारीख, मग निकालाची वाट, आणि तोवर नवरा एकीकडे, मी दुसरीकडे. घरात आजारी माणूस असताना हा वेळ कुठून आणायचा? आणि जी अट आपल्याला लागूच नाही ती मुकाट्याने का पाळायची?

चहाटळ

म्हणजे सासरी नांदायला जायचं तर आधी तिसऱ्या देशात संसार थाटून दाखवायचा! आमच्या आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "आमच्या वेळी बैलगाडी पुरायची गं."
ताई, उत्तर माझ्याकडे नाही, पण या धाग्यावर मुक्काम ठोकून बसलोय.

लेस्टरकर

कृष्णाकाठ, तुमचा युक्तिवाद बरोबर आहे आणि तो युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्येच मान्य केलाय. ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो तो आपल्याच देशातला माणूस होता.

सुरिंदर सिंग, भारतीय नागरिक. १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश बाईशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकऱ्या केल्या आणि १९८५ च्या अखेरीस ब्रिटनला परतून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे संसार टिकला नाही आणि ब्रिटिश सरकारने त्यांना देश सोडायला सांगितलं. सरकारचं म्हणणं असं की बाई स्वतःच्याच देशात आहे, तेव्हा इथे युरोपीय कायद्याचा संबंध काय? प्रकरण लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेलं आणि ७ जुलै १९९२ ला निकाल लागला. न्यायालयाने सरळ विचार केला. परत येताना आपल्या जोडीदाराला निदान दुसऱ्या सदस्य देशात मिळतात तेवढे हक्क मिळणार नाहीत हे आधीच माहीत असेल, तर माणूस मुळात नोकरीसाठी बाहेर पडायलाच कचरेल. म्हणजे परतीचा दरवाजा बंद ठेवणं म्हणजे जाण्याचाच दरवाजा बंद करणं.

मी स्वतः याच रस्त्याने आलो. मी ब्रिटिश, बायको नाशिकची. २०१२ च्या जुलैपासून ब्रिटनने परदेशी जोडीदारासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातली आणि माझा पगार त्याखाली होता. आम्ही डब्लिनला घर केलं, मी तिथे नोकरी केली, बायको तिथे आली, आणि पुढे दोघं लेस्टरला परतलो. मधल्या काळात, २०१४ पासून, ब्रिटनने 'आयुष्याचं केंद्र खरंच तिकडे हललं होतं का' हे तपासायला सुरुवात केली. आम्हाला भाडेकरार, पगाराच्या पावत्या, ग्रंथालयाचं कार्ड, दवाखान्याची नोंदणी, सगळं द्यावं लागलं.

आता ब्रेक्झिटमुळे आमच्याकडे हा रस्ता बंद झाला. २०२० संपायच्या आत युरोपात संसार असलेल्यांना परतायला २९ मार्च २०२२ पर्यंत मुदत होती, ती गेली. उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड झालीये. माझ्या ओळखीत एक तरुण जोडपं या आकड्यामुळे आजही वेगवेगळ्या देशांत राहतंय आणि ते बघून फार वाईट वाटतं. तुमचा हक्क शाबूत आहे, तो सोडू नका.

निरंजन_

मत वेगळं आहे, राग मानू नये. एखाद्या देशाच्या संसदेने विचार करून नियम केला की येणाऱ्या जोडीदाराला थोडी भाषा यावी. त्यावर उपाय म्हणून शेजारच्या देशात जाऊन राहायचं आणि दुसऱ्या दाराने आत यायचं, हे मला योग्य वाटत नाही. कृष्णाकाठ यांचं प्रकरण खरं आहे हे मान्य. पण या रस्त्याचा गैरवापर होतोच ना?

शेल्डेतीर

@निरंजन_, मी याच 'शेजारच्या देशात' राहते, अँटवर्पला, म्हणून लिहिते. नवरा डच. डच कायद्यात जोडीदाराला आणायला दोघांचं वय २१, किमान वेतनाएवढं उत्पन्न, शिवाय येण्याआधी मायदेशातच नागरी परीक्षा, ही परीक्षा २००६ पासून आहे. अनेक डच जोडपी सीमा ओलांडून बेल्जियममध्ये राहतात आणि मग परततात. हॉलंडात याला बेल्जियमची वाट म्हणूनच ओळखतात.

पण ही वाट म्हणजे नुसता पत्ता बदलणं नव्हे. इथे नोंदणी केली की त्या भागातला पोलीस घरी येतो. आमच्याकडे आला तेव्हा त्याने आधी खालच्या बेलवरची नावं वाचली. दोघांची नावं आहेत ना, हे बघितल्यावरच वर आला. मग स्वयंपाकघरात उभा राहून दोन प्रश्न विचारले, कपाटाकडे नजर टाकली, सही केली आणि गेला. पंधरा मिनिटांचं काम, पण त्या पंधरा मिनिटांत घर खरं की नाटकी ते त्याला कळतं.

आणि न्यायालयाने हे २०१४ मध्ये बांधूनही दिलंय. 'ओ आणि बी' नावाचा निकाल, १२ मार्च २०१४. एकाची डच बायको त्याच्याबरोबर स्पेनमध्ये दोनच महिने राहिली होती, दुसऱ्याची जोडीदारीण फक्त शनिवार-रविवार बेल्जियमला यायची. न्यायालय म्हणालं, तीन महिन्यांपेक्षा जास्त, खरोखरचं वास्तव्य हवं आणि त्या काळात तिथे कौटुंबिक आयुष्य उभं राहिलेलं किंवा घट्ट झालेलं हवं. तुटक सुट्ट्या जोडून ते होत नाही. खोट्या लग्नांसाठी मुक्त संचाराच्या युरोपीय निर्देशाचं (सगळ्या सदस्य देशांना बांधील असलेल्या नियमावलीचं) ३५ वं कलम आहेच, त्याखाली हक्क काढून घेता येतो. तेव्हा गैरवापर अडवायची सोय कायद्यातच आहे. जो खरा राहिलाय त्याला संशयाने बघू नये एवढंच म्हणणं आहे.

निरंजन_

पोलिसाची गोष्ट माहीत नव्हती. पण हेतूचं काय? केवळ अट टाळायला गेलेला आणि नोकरीसाठी गेलेला, दोघं सारखेच?

अक्षरगंध

हेतूवरही निकाल आहे. २००३ चा आक्रिच निकाल. त्या जोडप्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांना स्वतःच सांगितलं होतं की आम्ही परत येण्यासाठीच डब्लिनला गेलो. न्यायालयाने ठरवलं की दुसऱ्या देशात खरं काम करत असाल आणि लग्न खरं असेल, तर तुम्ही तिथे का गेलात हे विचारायचं कारण नाही. हक्क वापरणं म्हणजे गैरवापर नव्हे.

मी बर्लिनमध्ये स्थलांतरितांच्या सल्ला केंद्रात काम करते, म्हणून कृष्णाकाठ, थेट तुमच्या प्रश्नाकडे येते.

जर्मनीत जोडीदाराला ए-वनची अट २००७ पासून आहे. ती निवास कायद्यात आहे. पण युरोपीय नागरिकांच्या कुटुंबांसाठी वेगळा मुक्त संचार कायदा आहे आणि त्यात २०२० च्या नोव्हेंबरात कलम १२अ घातलं गेलं. त्याचा आशय असा: ज्या जर्मन नागरिकाने मुक्त संचाराचा हक्क टिकाऊपणे वापरलाय, त्याच्या कुटुंबीयांना हाच कायदा लागू होईल. चार वर्षं नोकरी आणि संसार हा टिकाऊ वापर आहे, यात वादाला जागा नाही. मग ए-वन नाही, आधी कुटुंब-व्हिसा नाही, उत्पन्नाचा पुरावा नाही. फोनवरच्या माणसाने 'जर्मनाची परदेशी बायको' एवढंच ऐकलं आणि रोजचं ठराविक उत्तर दिलं, असं दिसतं. हे कलम कमी वापरलं जातं, बऱ्याच कार्यालयांत पहिल्या खिडकीवर ते माहीत नसतं. फोनवर वाद घालू नका. लेखी अर्ज करा आणि पहिल्याच ओळीत कलमाचा उल्लेख करा.

प्रवेशाचं. तुमचं आयरिश कार्ड 'युनियन नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवासपत्र' आहे. ते चालू असेल तर जर्मनीत यायला व्हिसा लागत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मात्र विमानतळावर चेक-इनचे कर्मचारी कार्ड उलटसुलट करून बघत बसतात. शक्य असेल तर नवऱ्याने तुम्हाला न्यायला यावं आणि दोघांनी एकत्र प्रवास करावा. विवाह प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

आल्यावर पत्ता नोंदवा आणि निवासपत्रासाठी अर्ज करा. अर्ज केल्याचं प्रमाणपत्र लगेच द्यायचं असतं, कार्ड सहा महिन्यांत. नोकरी मात्र पहिल्या दिवसापासून करता येते.

आणि नवऱ्याने वडिलांसाठी काही काळ नोकरी केली नाही तरी बिघडत नाही. २००७ च्या आइंड निकालातला डच माणूस ब्रिटनमध्ये नोकरी करून परतला, परतल्यावर कामावर नव्हता, सरकारी मदतीवर होता. तरी त्याच्या सुरिनामहून आलेल्या मुलीचा राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

सदाशिवपेठी

अक्षरगंध, फार छान समजावलंत. मग माझा परीक्षा देण्याचा सल्ला मागे. वाचनखूण साठवली.

पुलापल्याड

मधल्या महिन्यांच्या अंतराबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो.

माझी बायको डॅनिश. डेन्मार्कमध्ये २००२ पासून २४ वर्षांचा नियम आहे, दोघांचं वय २४ झाल्याशिवाय जोडीदाराला आणता येत नाही. लग्न झालं तेव्हा ती तेवीसची होती. मग आम्ही पुलापलीकडे स्वीडनमध्ये माल्मोला घर घेतलं. तिची नोकरी कोपनहेगनलाच होती. सकाळची गाडी एरेसुंडच्या पुलावरून पाऊण तासाच्या आत पोचते. हिवाळ्यात निघताना अंधार, पोचताना अंधार, आणि डब्यात आमच्यासारखी कितीतरी जोडपी, एक डॅनिश आणि एक थायलंड, मोरोक्को नाहीतर भारतातलं. एकमेकांच्या अर्जांची विचारपूस करत प्रवास व्हायचा. तिथे जमलेली मैत्री अजून आहे. कोणाचं कार्ड आलं की संध्याकाळच्या गाडीत केक.

आम्ही परतलो तेव्हा बायको आधी गेली, कारण तिला बाळंतपण आईकडे करायचं होतं. मी माल्मोचं घर विकून मग गेलो. तेव्हा 'नैसर्गिकरीत्या परतीच्या ओघात आलात का' हा प्रश्न आला होता. यावर २०१८ मध्ये निकाल आहे, आल्टिनर आणि राउन, तोही डेन्मार्कमधूनच गेलेला. न्यायालयाचं म्हणणं असं की कुटुंबीयाने नागरिकाच्या परतीच्या ओघात यावं अशी अपेक्षा देश ठेवू शकतो. पण उशीर झाला एवढ्यावरून नकार देता येत नाही. मध्ये वेळ गेला तरी बाहेर उभा राहिलेला संसार तुटला नव्हता, हे दाखवणाऱ्या सगळ्या गोष्टी बघाव्याच लागतात.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे कारण आहे आणि ते कागदावर आहे. नोकरीचं कंत्राट, त्याची शेवटची तारीख, सासऱ्यांचे वैद्यकीय कागद, मधल्या काळात नवरा कॉर्कला आला त्याची तिकिटं, एकत्र भरलेलं भाडं. जायच्या आधीच हे एका फाइलीत लावून ठेवा. 'आम्ही वेगळे झालो नव्हतो, कामं वाटून घेतली होती' हे त्यातून दिसलं पाहिजे.

कृष्णाकाठ

पुलापल्याड, अक्षरगंध, खरंच डोक्यावरचं ओझं उतरलं. नवरा तुमचे प्रतिसाद माझ्याकडून अर्थ लावून ऐकतोय आणि कलम १२अ वहीत लिहून घेतोय.

तेरेखोलकार

थोडं अवांतर, पण लागू आहे. आमच्या पेडणे-बार्देशात कितीतरी घरांत पोर्तुगीज पासपोर्ट आहेत. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ते नागरिकत्व घेता येतं. आधी सगळे ब्रिटनला जायचे, स्विंडनला तर आमचं अर्धं गाव आहे. ब्रेक्झिटनंतर मंडळी आयर्लंड, जर्मनीकडे वळली. नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय, हे चित्र सर्रास.

आता गंमत अशी की या माणसांचा युरोपीय कायद्याने 'स्वतःचा देश' म्हणजे पोर्तुगाल, जो त्यांनी कधी पाहिलेलाही नसतो. आयर्लंडला गेले तर बायकोला थेट युरोपीय हक्क. लिस्बनला गेले तर ते 'घरी' गेले! पण पोर्तुगालने आपल्या २००६ च्या ३७ क्रमांकाच्या कायद्यात पोर्तुगीज नागरिकांच्या परदेशी कुटुंबीयांनाही तेच नियम लावलेत, त्यामुळे तिथे बाहेर राहून परतण्याची गरज पडत नाही. इटलीतही २०२३ पर्यंत असंच होतं. म्हणजे हा भेदभाव प्रत्येक देशाने ठेवलाच पाहिजे असं नाही, मनात आणलं तर काढता येतो. ज्या देशांनी काढला त्यांचं मला कौतुक वाटतं.

एक सांगून ठेवतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. आमच्याकडे लोक घाईत नोंदणी करतात आणि मग मतदार यादी, जमिनीचे व्यवहार सगळीकडे अडकतात. दोघांपैकी कुणी काय ठेवायचं हे घरात बसून नीट ठरवा.

सप्तरंगी

हाच हक्क आमच्यासारख्यांसाठी किती मोठा आहे ते सांगायला लिहितोय. मी मुंबईचा, माझा नवरा रुमानियन. लग्न ब्रसेल्समध्ये. रुमानियात समलिंगी लग्न नाही. ५ जून २०१८ च्या कोमान निकालात न्यायालयाने सांगितलं की 'जोडीदार' या शब्दात समलिंगी जोडीदारही येतो, आणि परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला निवासाचा हक्क नाकारता येणार नाही, देशात तसं लग्न होत नसलं तरी. अजून आम्ही परतलेलो नाही. पण त्याची आई थकलीये आणि तिला भेटायला आपण एकत्र जाऊ शकतो, राहू शकतो, हे माहीत असणं फार आधाराचं आहे.

चहाटळ

सप्तरंगी, तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा. आईंच्या हातचं जेवण जेवाल तेव्हा इथे फोटो हवा.

रानजाई

सगळं चांगलं चाललंय तेव्हाच बोलावं असं एक. कृष्णाकाठ, तुमच्याबद्दल नाही, वाचणाऱ्या प्रत्येकीसाठी लिहिते. या रस्त्यात हक्क मुळात नवऱ्याचा असतो, बायकोचा त्यातून निघतो. माझ्या जवळच्या मैत्रिणीला नवरा रोज सांगायचा, "मी एक पत्र लिहिलं की तुझं कार्ड रद्द." ती तीन वर्षं त्या भीतीत राहिली. ते तसं नाही. घटस्फोट झाला तरी लग्न तीन वर्षं टिकलेलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर पोटापाण्याची सोय असल्यावर राहता येतं. घरात मारहाण झाली असेल तर तेवढी मुदतही आड येत नाही. निर्देशाचं १३ वं कलम. पाच वर्षं पूर्ण झाली की कायम निवासाचा हक्क मिळतो आणि मग कुणाच्या पत्राला घाबरायचं कारण राहत नाही.

आपल्या कार्डाची, पासपोर्टची, विवाह प्रमाणपत्राची प्रत स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा. स्वतःचं बँक खातं ठेवा. प्रेम आहे म्हणून ठेवू नये असं नाही.

अक्षरगंध

रानजाई, शंभर टक्के. आमच्या केंद्रात हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका फार उशिरा येतात.

त्याला धरून एक व्यवहाराची गोष्ट. जर्मनीत दोन्ही रस्ते खुले असतील तर दोन्ही तोलून बघा. युरोपीय कायद्याने कायम निवास पाच वर्षांनी. जर्मन निवास कायद्याने जर्मनाच्या जोडीदाराला कायमचा परवाना तीन वर्षांनी मिळू शकतो, पण तेव्हा बी-वनपर्यंत, म्हणजे ए-वनच्या दोन पायऱ्या वर, भाषा हवी. काही जोडपी आधी मुक्त संचाराच्या कलमाने येतात, स्थिरावतात आणि भाषा झाल्यावर दुसऱ्याचा विचार करतात. आत्ता घाई असेल तर १२अ हाच योग्य.

मधुमालती

माझी आई साताऱ्याला एकटी आहे. नवरा फ्रेंच, आम्ही व्हिएन्नाला. तिला आमच्याकडे आणता येईल का? आणि पुढे फ्रान्सला परतलो तर?

पुलापल्याड

जोडीदाराचे आईवडीलही 'कुटुंबीय' धरतात, पण ते तुमच्यावर अवलंबून असले पाहिजेत. अवलंबून म्हणजे मायदेशात असतानाच त्यांच्या मूलभूत गरजा तुमच्या मदतीशिवाय भागत नाहीत. पेन्शन आणि स्वतःचं घर असेल तर अवघड जातं. तुम्ही दर महिन्याला पैसे पाठवत असाल तर ते बँकेतूनच पाठवा, नोंद राहते. फ्रान्सला परतायचं झालं तर आई व्हिएन्नात तुमच्याबरोबर खरोखर राहिलेली असणं महत्त्वाचं.

मधुमालती

पेन्शन नाही, बाबांची शेती चुलत्यांकडे आहे आणि तिथून काही येत नाही. पैसे बँकेतूनच जातात. धन्यवाद दादा, याच आठवड्यात सगळी स्टेटमेंटं काढते.

कृष्णाकाठ

मंडळी, कळवायचं राहू नये म्हणून लिहिते. मी ऑक्टोबरच्या शेवटी आले. नवरा मला न्यायला कॉर्कला आला होता. विमानतळावर कार्ड बघून मुलीने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी विवाह प्रमाणपत्र वाचलं आणि सोडलं.

कार्यालयात पहिल्या खिडकीवर पुन्हा ए-वनचंच विचारलं. नवऱ्याने शांतपणे अर्ज पुढे सरकवला, पहिली ओळ कलम १२अ. बाई आत गेल्या, थोड्या वेळाने एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी आमची फाइल पहिल्या पानापासून बघितली. पीपीएस क्रमांक (आयर्लंडचा सरकारी ओळख क्रमांक), पगाराच्या पावत्या, दोघांच्या नावाचा भाडेकरार, माझ्या कंत्राटाची शेवटची तारीख, नवऱ्याची मधल्या महिन्यांतली तिकिटं. वीजबिलांवर दोघांची नावं आहेत का ते बोटाने बघत गेले. मग म्हणाले, "हे असं प्रकरण आमच्याकडे कमी येतं, पण कायदा आहे," आणि अर्जाचं प्रमाणपत्र तिथेच छापून दिलं. परीक्षा नाही, व्हिसा नाही. कार्ड यायचंय.

सासरे आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. मी जवळच्याच एका प्रयोगशाळेत अर्ज केलाय, त्यांनी प्रमाणपत्र बघून मुलाखतीला बोलावलं आहे. पुलापल्याड, तुम्ही सांगितलेली फाइल नसती तर खिडकीवरूनच परत यावं लागलं असतं.

निरंजन_

अभिनंदन कृष्णाकाठ. अट सगळ्यांना सारखी असावी असं मला अजूनही वाटतं, पण तुमचं वाचून सारखेपणा दुसऱ्या बाजूनेही आणता येईल हे पटलं. पोलिश माणसाच्या बायकोला नाही तर जर्मनाच्या बायकोलाही नको.

चहाटळ

निरंजनरावांचं मत बदललं, धागा शंभरी गाठणार!
ताई, पेढे कुठे पोचवताय?

नवखा_प्रवासी

आत्ताच सदस्य झालो, हा धागा वाचूनच. मी पुण्याचा, बायको डच, दोघं सध्या पुण्यात. आम्ही दोन महिने ब्रसेल्सला राहिलो आणि मग रॉटरडॅमला गेलो तर चालेल का?

शेल्डेतीर

नाही चालणार. वर 'ओ आणि बी' बद्दल लिहिलंय ते वाचा, त्यातल्या एकाचे दोनच महिने होते. तीन महिन्यांपेक्षा जास्त हवंच आणि तेही काठावर नको. बायकोची खरी नोकरी किंवा व्यवसाय, दोघांच्या नावाचं घर, नोंदणी, तुमचं बेल्जियन निवासपत्र, हे सगळं होऊ द्या. सहा महिने-वर्षाचा विचार करूनच या. घर बघायला लागलात की व्यक्तिगत निरोप करा, अँटवर्पमध्ये कुठले भाग परवडतात ते सांगते.